रिबनच्या आत काय असतं?

"मॅडम, या रिबनच्या आत काय असतं?"

मी हिमोग्लोबिन दाखवत होते. पीडीबी या प्रोटीन रचनांच्या संग्रहातलं ४एचएचबी या क्रमांकाचं, चार चेन (अमिनो आम्लांच्या साखळ्या) चार रंगांत, मधे लोह असलेले चार हीम, हेलिक्सच्या (मळसूत्रासारख्या) गुंडाळ्या एकदम सुबक, प्रोजेक्टरवर हळूहळू फिरत होतं आणि वर्ग खुश होता. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, अगदी मनापासून, की ही रिबन आतून पोकळ असते की भरीव, आणि दोन रिबनच्या मधे जी काळी मोकळी जागा दिसते तिथे काय असतं, हवा की पाणी?

मी काही न बोलता कार्टून, म्हणजे साखळी रिबनसारखी दाखवायची पद्धत, बंद केलं आणि स्फिअर्स, म्हणजे प्रत्येक अणूचा एक गोळा, चालू केले. सगळी मोकळी जागा गेली. जिथे तिला पोकळी दिसत होती तिथे साइड चेन्स (प्रत्येक अमिनो आम्लाची बाजूला निघालेली शाखा) खच्चून भरलेल्या, ल्युसिन, व्हॅलिन, फिनाइलअलॅनिन ही अमिनो आम्लं एकमेकांत घुसून बसलेली, आणि इतकं ठळक दिसणारं हीम आता जेमतेम एक कड दाखवत होतं. प्रोटीनच्या गाभ्यात साधारण पाऊण जागा अणूंनीच भरलेली असते, सारख्या आकाराचे गोळे जास्तीत जास्त दाटीने रचले तर जेवढी भरते जवळपास तेवढीच, हे मी दरवर्षी बोर्डावर लिहीत होते. पण पडद्यावर मात्र वर्षानुवर्षं मी नेमकं याच्या उलटं चित्र दाखवत आले होते.

आणि मग तिनेच पुढे विचारलं, "मग ऑक्सिजन आत जातो कुठून?"

या दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी येते. आधी पहिल्याबद्दल, कारण त्या एका प्रश्नामुळे माझं मॉलिक्युलर मॉडेलिंगचं पूर्ण प्रॅक्टिकल बदललं.

तोपर्यंत माझी पद्धत अशी होती की एक छापील कागद द्यायचा, त्यावर कमांड्सची यादी, स्ट्रक्चर फेच करा, कार्टून करा, चेनप्रमाणे रंग द्या, लिगंड (प्रोटीनला धरून बसलेला छोटा रेणू) स्टिक्समध्ये दाखवा, इमेज सेव्ह करा, जर्नलला चिकटवा. दोन तासांत सगळ्यांचं व्हायचं. चित्रं सुंदर यायची, काळ्या बॅकग्राउंडवर इंद्रधनुषी प्रोटीन्स. पण तोंडी परीक्षेत त्याच चित्रावर बोट ठेवून विचारलं की हे हीम कोणत्या अमिनो आम्लाला जोडलंय, तर मुलं चित्राकडे बघत बसायची. त्यांना सॉफ्टवेअर येत होतं, प्रोटीन दिसत नव्हतं. आणि यात मुलांची चूक नाही, मी त्यांना बघण्यासारखं कारणच दिलं नव्हतं.

रिबन ही माणसाने काढलेली आहे हे आता मी पहिल्याच तासाला सांगते. जेन रिचर्डसन यांनी १९८१ मध्ये प्रोटीन रचनांचा मोठा आढावा लिहिला तेव्हा त्यातली रिबन चित्रं हाताने काढली होती, हेलिक्सला गुंडाळलेली पट्टी आणि बीटा स्ट्रँडला (साखळीच्या ताणलेल्या तुकड्याला) बाण. पुढे कॉम्प्युटर तेच काढायला शिकले. त्याच्याही आधी, १९५०च्या दशकाच्या शेवटी केंड्र्यू यांनी मायोग्लोबिनची, म्हणजे स्नायूंत ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या प्रोटीनची, रचना सोडवली तेव्हा पहिलं मॉडेल म्हणजे एक वेडावाकडा वळलेला जाड नळा होता, कारण त्या रेझोल्यूशनला त्याहून जास्त काही दिसतच नव्हतं. मग २ अँगस्ट्रॉम (१ अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) इतक्या बारकाव्याचा डेटा आल्यावर उभ्या सळ्यांचं जंगल उभारून त्यात मॉडेल बांधलं, १ अँगस्ट्रॉमला ५ सेंटीमीटर अशा स्केलवर. म्हणजे आधी नळा, मग सळ्या, मग रिबन. प्रोटीन तेच, दरवेळी कुणीतरी ठरवलं की यातलं काय दाखवायचं आणि काय झाकायचं. रिबनने साइड चेन्स झाकल्या आणि घडी दाखवली, म्हणून तर ती इतकी उपयोगी आहे, दोन प्रोटीन्सची घडी सारखी आहे का हे स्फिअर्समध्ये जन्मात कळणार नाही. पण मुलांना हे माहीत हवं की आत्ता काहीतरी झाकलेलं आहे.

म्हणून आता पहिल्या प्रॅक्टिकलला सुंदर चित्र काढायचंच नाही. मोजायचं. कुठलंही प्रोटीन घ्या, मेझरमेंट टूल उघडा, आणि शेजारशेजारच्या दोन अमिनो आम्लांच्या अल्फा कार्बनमधलं (साइड चेन ज्याला जोडलेली असते तो कार्बन) अंतर मोजा. दहा जोड्या मोजा. प्रत्येक जण वेगळं प्रोटीन घेतो, कोणी लायसोझाइम, कोणी इन्सुलिन, कोणी तो हिरवा चमकणारा जीएफपी, आणि थोड्या वेळाने सगळ्या बाजूंनी अँगस्ट्रॉममधला एकच आकडा ऐकू यायला लागतो, ३.८, ३.८, ३.८. हेलिक्समध्ये ३.८, शीटमध्ये ३.८, लूपमध्येही ३.८. मग आपोआप विचारतात की असं का. तेव्हा दोन अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध शिकवायचा, की तो अर्धवट डबल बाँडसारखा वागतो म्हणून सपाट असतो, फिरत नाही, आणि ट्रान्स असला, म्हणजे दोन्ही अल्फा कार्बन त्याच्या विरुद्ध बाजूंना असले, की त्यांच्यातलं अंतर ठरूनच जातं. हे मी आधी लेक्चरमध्ये शिकवायचे आणि मुलं लिहून घ्यायची. आता ती आकडा हातात घेऊन कारण मागायला येतात, हा फरक मला खूप मोठा वाटतो.

एका वर्षी एक मुलगा रायबोन्युक्लिएज ए वर बसला होता, १२४ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रोटीन. तो आला आणि म्हणाला, "मॅडम, माझी एक जोडी चुकतेय, तीन वेळा मोजलं, २.९ येतंय." मी त्याला खोडू नको म्हटलं, कोणती जोडी ते बघ. टायरोसिन ९२ आणि प्रोलिन ९३. मग म्हटलं अजून अशी कुठे सापडते का शोध. अर्ध्या तासाने परत आला, ११३ आणि ११४, तिथेही प्रोलिन. त्याला सिस प्रोलिन सापडले होते, दोन्ही, पुस्तक न उघडता. सिस असला, म्हणजे दोन्ही अल्फा कार्बन बंधाच्या एकाच बाजूला असले, की ते जवळ येतात, अंतर २.९ च्या आसपास होतं, आणि प्रोलिनच्या आधीच्या बंधाला सिस असणं इतर अमिनो आम्लांच्या मानाने बरंच सोपं जातं. त्याने तो आकडा लाल पेनाने खोडून ३.८ लिहिला असता तर? जुन्या पद्धतीत त्याने तेच केलं असतं, कारण "बरोबर उत्तर" आधीच कागदावर छापलेलं होतं.

मोजणं एकदा हाताला बसलं की अल्फा हेलिक्स सोपी जाते. पाउलिंग आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या या हेलिक्सचे आकडे, एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं, एक वेढा ५.४ अँगस्ट्रॉम उंच, हे पाठ करायचे नाहीत, स्क्रीनवर हेलिक्स उभी करून मोजायचे. एका अमिनो आम्लाच्या ऑक्सिजनपासून चार पुढच्याच्या नायट्रोजनपर्यंत रेघ ओढायची, ३ च्या आतबाहेर येते का बघायची. मग हेलिक्सच्या तोंडाकडून, म्हणजे नळीतून बघितल्यासारखं बघायचं. रिबनमध्ये ती नळी पोकळ दिसते, स्फिअर्स लावले की मधे काही जागाच उरत नाही, पाठकणा (साइड चेन्स सोडून उरणारी मुख्य साखळी) स्वतःच मधली जागा भरून टाकतो. रिबनच्या आत काय असतं, याचं हे एक खरंखुरं उत्तर.

रामचंद्रन प्लॉटही मी याच ओघात घेते. १९६३ चं काम, आणि मूळ कल्पना किती साधी आहे बघा, दोन अणू ठरावीक अंतरापेक्षा जवळ येऊ शकत नाहीत, बस, एवढ्यावरून पाठकणा कोणत्या कोनांत वळू शकतो आणि कोणत्या नाही याचा नकाशा. मुलांना एक बंध हाताने फिरवायला लावायचा, स्फिअर्स एकमेकांत घुसले की थांबायचं आणि कोन लिहायचा. पाच-सहा वेळा केलं की नकाशाचे रिकामे भाग का रिकामे आहेत ते कळतं, आणि ग्लायसिन तिथेही का बसतो तेही, त्याला साइड चेन म्हणून फक्त एक हायड्रोजन आहे, धडकायला काही नाही.

आता एक असा घोळ जो दरवर्षी होतो आणि मी मुद्दाम होऊ देते. डीऑक्सी (ऑक्सिजन नसलेलं) हिमोग्लोबिन, म्हणजे ४एचएचबी, झालं की ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन उघडायला सांगते, १एचएचओ. दोन मिनिटांत हात वर होतात, "मॅडम माझं अर्धंच डाउनलोड झालं", "नेट गेलं वाटतं", कोणी फाइल पुन्हा उतरवतं. चार चेन हव्यात आणि दोनच दिसतात, एक अल्फा एक बीटा. इथे क्रिस्टल (ज्याच्यावर एक्स-रे टाकून ही रचना काढली) म्हणजे काय हे शिकवायला जी संधी मिळते तशी दुसरीकडे कुठेच मिळत नाही. फाइलमध्ये फक्त तेवढाच तुकडा ठेवलेला असतो जो सिमेट्रीने पुन्हा पुन्हा मांडला की अख्खा क्रिस्टल तयार होतो, आणि या क्रिस्टलमध्ये हिमोग्लोबिनचं अर्धं आणि उरलेलं अर्धं हुबेहूब सारखं असल्यामुळे अर्धंच लिहिलंय. बायोलॉजिकल असेंब्ली (प्रोटीनचं शरीरातलं पूर्ण रूप) मागितली की दुसरं अर्धं येतं. हे ज्याला माहीत नाही तो उद्या अर्ध्या प्रोटीनवर डॉकिंग (एखादा रेणू प्रोटीनमध्ये कसा बसेल याचा कॉम्प्युटरवरचा अंदाज) करून मोकळा होईल आणि सॉफ्टवेअर त्याला अडवणार नाही.

दोन्ही हिमोग्लोबिन एकावर एक ठेवली की अल्फा-बीटाची एक जोडी दुसऱ्या जोडीच्या मानाने सुमारे १५ अंश फिरलेली दिसते, आणि तिकडे हीममधलं लोह डीऑक्सीमध्ये सपाट वर्तुळाच्या बाहेर साधारण ०.४ अँगस्ट्रॉम आलेलं असतं. ०.४ अँगस्ट्रॉम म्हणजे किती, तर साध्या कार्बन-कार्बन बंधाचा पाव भाग. एवढ्याशा हालचालीने लोहाला जोडलेली हिस्टिडीन ओढली जाते, तिच्यासोबत हेलिक्स, आणि शेवटी अख्खी जोडी सरकते. मला हे दरवर्षी दाखवताना तितकंच विलक्षण वाटतं. पण मॉर्फचा, म्हणजे एक रचना दुसरीत बदलत जाताना दाखवणारा, व्हिडिओ चालवला की मी लगेच थांबवून सांगते, पहिली फ्रेम खरी मोजलेली, शेवटची खरी मोजलेली, मधल्या सगळ्या सॉफ्टवेअरने भरलेल्या आहेत. प्रोटीन नेमकं याच वाटेने जातं असं कोणी पाहिलेलं नाही. मुलं व्हिडिओवर फार पटकन विश्वास ठेवतात.

सिकल सेल या रक्ताच्या आजारासाठी मी आधी अंदाज लिहून घेते. इन्ग्रॅम यांनी १९५७ मध्ये दाखवलं की हिमोग्लोबिनमध्ये एका ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच बदल; ती जागा म्हणजे बीटा चेनमधली सहावी. हा बदल प्रोटीनमध्ये कुठे असेल? बहुतेक सगळे लिहितात हीमजवळ, किंवा आत गाभ्यात, कारण इतका मोठा आजार आहे म्हणजे महत्त्वाच्याच जागी असणार. मग सहा नंबर लाल करायला सांगते आणि तो थेट बाहेर, पृष्ठभागावर, हीमपासून लांब. आता काय? मग २एचबीएस उघडायचं, त्यात सिकल हिमोग्लोबिनचे दोन शेजारी रेणू एकाच फाइलमध्ये आहेत, आणि एकाची ती व्हॅलिन दुसऱ्याच्या बीटा चेनवरच्या खळगीत बसलेली सापडते, फिनाइलअलॅनिन ८५ आणि ल्युसिन ८८ च्या मधे. खळगी आधीपासून होती. डीऑक्सी अवस्थेत ती अशी समोर येते, आणि आता तिच्यात बसणारं काहीतरी पृष्ठभागावर आलं, म्हणून एकाला एक चिकटत दोऱ्या तयार होतात. हे मुलांना स्वतः शोधू द्यायला एक तास जातो, सांगायला दोन मिनिटं लागली असती. तो तास मी कधीच वाचवत नाही.

सॉफ्टवेअर कोणतं, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं आणि खरं सांगायचं तर त्याने फार फरक पडत नाही. मी स्वतः रासमॉलवर शिकले, मग पायमॉल, आता कायमेरा-एक्स आवडतं, आणि मुलांकडे चांगला लॅपटॉप नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं मोल-स्टार पुरतं. रंगांची मात्र काळजी घ्या. मी लाल-हिरवं वापरायचे आणि एका मुलाला दोन्ही चेन एकसारख्याच दिसत होत्या, तो संकोचाने बोलला नाही, सेमिस्टर संपताना कळलं. तेव्हापासून निळा आणि नारिंगी. आणि काही मुलांना स्क्रीनवर खोली जाणवत नाही, त्यांना माउस स्वतःच्या हाताने फिरवू द्या, दुसऱ्याने फिरवलेलं बघून नाही कळत त्यांना.

एचआयव्ही प्रोटिएज, म्हणजे त्या विषाणूचं एक एन्झाइम, मी एका पाण्यासाठी ठेवलंय. १एचएसजी, दोन सारख्या चेन, प्रत्येकी ९९ अमिनो आम्लं, मधे इंडिनाव्हिर हे औषध. सगळे औषध बघतात. मी सांगते पाण्याचा ३०८ नंबरचा रेणू शोधा. सापडतो, एक लाल ठिपका, आणि लगेच प्रश्न येतो की पाण्यात तीन अणू असतात ना, मग इथे एकच कसा? तर २ अँगस्ट्रॉमच्या एक्स-रे डेटात हायड्रोजन दिसत नाहीत, त्यांच्याकडे इलेक्ट्रॉन फार कमी. म्हणजे आपण आत्तापर्यंत जेवढी प्रोटीन्स पाहिली त्यातल्या बहुतेक सगळ्यांतले जवळजवळ निम्मे अणू आपल्याला दिसलेलेच नाहीत! हे ऐकून मुलं खरंच चमकतात. आणि मग तो ठिपका काय करतोय ते मोजायचं, एका बाजूला दोन्ही चेनच्या आयसोल्युसिन ५० चे नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला औषधाचे ऑक्सिजन, चार हायड्रोजन बंध, प्रोटीनच्या दोन्ही झडपा (औषधावर झाकणासारखे येणारे भाग) आणि औषध यांना बांधून धरणारा दुवा. या पाण्याची जागा स्वतःच घेईल असं औषध बनवता येईल का, या विचारातून सायक्लिक युरिया प्रकारची संयुगं रचली गेली, १९९४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. एका ठिपक्याकडे नीट बघण्यातून आलेली कल्पना.

आता अल्फाफोल्डबद्दल, म्हणजे अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रोटीनची रचना भाकीत करणाऱ्या एआयबद्दल, कारण त्याशिवाय आज हे शिकवताच येत नाही. १९७१ मध्ये पीडीबी सुरू झाली तेव्हा तिच्यात ७ रचना होत्या, आज प्रयोगाने काढलेल्या २ लाखांहून जास्त आहेत, आणि अल्फाफोल्डच्या डेटाबेसमध्ये भाकीत केलेल्या २० कोटींहून जास्त. मुलं साहजिकच तिथूनच उचलतात. मला ते चुकीचं वाटत नाही, पण एक गोष्ट मी समोर बसवून करून घेते. एका मुलीने अल्फाफोल्डचं मॉडेल बी-फॅक्टरप्रमाणे रंगवलं, जसं आम्ही आधी क्रिस्टलच्या फाइलवर केलं होतं, आणि लिहिलं की या प्रोटीनचा गाभा सगळ्यात जास्त हलतो आणि टोकं स्थिर आहेत. तिने पायऱ्या सगळ्या बरोबर केल्या होत्या. फक्त क्रिस्टलच्या फाइलमध्ये त्या रकान्यात बी-फॅक्टर असतो, आकडा मोठा तर अणूची जागा जास्त अस्थिर, आणि अल्फाफोल्डच्या फाइलमध्ये त्याच रकान्यात भाकितावरचा भरवसा लिहिलेला असतो, ० ते १००, आकडा मोठा तर जास्त खात्री. रकाना तोच, अर्थ जवळपास उलटा. तिचं वाक्य मी आता दरवर्षी, तिची परवानगी घेऊन आणि नाव न घेता, पडद्यावर दाखवते आणि विचारते की हे कुठे चुकलं. ५० च्या खालचे नारिंगी धागे दिसले की ते चित्र म्हणून वाचायचंच नाही, बऱ्याचदा त्या भागाला एकटं असताना ठरलेला आकारच नसतो, एवढं त्यातून पक्कं होतं.

तर, ऑक्सिजन आत जातो कुठून.

तिला मी त्या दिवशी सांगितलं नाही. मायोग्लोबिन घे म्हटलं, एकच चेन, एकच हीम, १एमबीओ, ऑक्सिजन बसलेलं. सरफेस लाव आणि दार शोध. ती दोन आठवडे त्यावर होती, प्रॅक्टिकलच्या वेळेबाहेरही. सरफेस सगळ्या बाजूंनी फिरवला, कापून आत बघितलं, हीमच्या भोवतालची अंतरं मोजून तक्ता केला. शेवटी जे सबमिट केलं त्यात चित्र एकच होतं, पांढऱ्या बॅकग्राउंडवर, आणि खाली लिहिलं होतं, "मला दार सापडलं नाही. ऑक्सिजनला जाता येईल एवढी फट कुठेच नाही." आणि हिस्टिडीन ६४ वर एक बाण, बाणापुढे "ही हलली तर?"

मी तिला एकच ओळ लिहून दिली, आम्लधर्मी पीएचला काढलेली मायोग्लोबिनची रचनाही पीडीबीत आहे, १एसपीई, ती याच्यावर ठेवून ६४ नंबर बघ. दुसऱ्या दिवशी मी यायच्या आधीच ती लॅबमध्ये बसली होती, स्क्रीनवर दोन मायोग्लोबिन एकावर एक, एक निळं एक नारिंगी, सगळं जवळपास तंतोतंत जुळलेलं आणि नारिंगी हिस्टिडीन तेवढी बाहेर वळलेली.